हॅदरबींचं सुतक

बीडला खोली शोधत फिरत होते तेव्हा एका फाटकावर ‘हॅदरबी’ अशी पाटी दिसली. मला वाटलं, कुणीतरी इंग्लिश मीडियमची शाळा काढलीय. पण आत अंगणात तुळस होती, खाटेवर पापड्या वाळत होत्या आणि एक उंच गृहस्थ नुसत्या बंडी-धोतरात झाडाला पाणी घालत होते. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी पाण्याचा तांब्या वर करून मला थांबवलं.

“नाव ऱ्हाऊ द्या. आधी आडनाव सांगा.”

मी सांगितलं.

“मूळगाव?”

“लातूर.”

“लातूर न्हाई. तुमचं आडनाव लातूरचं न्हाईच. परळीच्या खालच्या अंगाला तुमची सात-आठ घरं हायत. तिथून कुनीतरी लातूरला गेलं आसंल. घरी इचारा.”

भाडं किती आणि नळाला पाणी कधी येतं, हे विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, “त्या माणसाला कसं कळलं?” दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन वरच्या खोलीत दाखल झाले. एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला म्हणून वर्षभरासाठी आले होते, तिथं साडेचार वर्षं काढली. त्याला कारण पगार नव्हता, खालचे काका होते.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी बांधावर गेलेली. शेताची मोजणी निघते ती बहुतेक भाऊबंदांच्या भांडणातून, त्यामुळे जिल्ह्यातल्या कुठल्या गावात कुठल्या आडनावाची किती घरं आणि त्यांचं आपसात का पटत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. “सारी जिंदगी दुसऱ्याच्या भावकीची भांडनं मोजली,” ते म्हणायचे, “मला भांडायलासुदिक भावकी न्हाई.”

हे ते हसत म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते.

आडनावाची कथा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. निजामाच्या काळात हॅदरबी नावाचा एक इंग्रज इंजिनियर गोदेच्या काठानं पाहणी करत हिंडत होता. त्याचे तंबू ठोकायला एक पोरगा होता, गणपा. हा गणपा म्हणजे काकांचा पणजा. कुठला, कुणाचा, कुणालाच माहीत नाही. लोक त्याला ‘हॅदरबीचा गणपा’ म्हणत. साहेब विलायतेला परत गेला, गणपा बीडला राहिला. त्याच्या पोराला शाळेत घातलं तेव्हा मास्तरनं आडनाव विचारलं, तर गणपा म्हणाला, आडनाव नाही. मग लोक जे म्हणत होते तेच मास्तरनं लिहून टाकलं. मूळगाव विचारलं की गणपा एकच सांगायचा, “तंबूतनं आलो.” हे वाक्य त्यानं मरेपर्यंत बदललं नाही.

“माझ्या बापानं तर स्थळ ऐकूनच न्हाई म्हनलं होतं,” काकू आतून म्हणायच्या. “हादरबी? ह्ये काय आडनाव हाय का दवाखाना? मग घरी आले, देवघर बघितलं, ह्यांच्या आईच्या हातच्या पुरनपोळ्या खाल्ल्या, तवा सोयरीक झाली.”

काकूंची थट्टा चालायची, पण काकांच्या मनातला काटा मला नंतर कळला. त्यांची आई वारली तेव्हा गल्ली जमली, ऑफिसचे लोक आले, खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत. पण मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, भाकरी भाऊबंदांकडून येते. ती आलीच नाही. शेवटी शेजारणीनं भाकऱ्या थापल्या. दहाव्याला गुरुजींनी विचारलं, “भावकीतले कोण कोण केस देणार?” आणि काका एकटेच न्हाव्यापुढे बसले. त्यांना एकुलती एक मुलगी, जालन्याला दिलेली. लग्न झालेल्या लेकीला सुतक तीनच दिवसांचं. म्हणजे काकू सोडल्या तर आपल्यामागं दहा दिवस धरणारं माणूस या जगात नाही, हा हिशेब त्यांनी मोजणीच्या चोखपणानं मांडून ठेवला होता.

“गेल्यावर कुणी सुतक धरलं काय, न धरलं काय, तुम्हाला काय कळणार?” मी एकदा फटकन बोलून गेले.

“मला न्हाई कळनार,” ते म्हणाले. “पन मेलेला मानूस कुनाचा होता, ह्ये लोकांला त्याच्यावरूनच कळतंय, मॅडम.”

त्यांच्या खोलीत भिंतीवर शाळेतला जगाचा नकाशा होता. जिथं जिथं हॅदरबी सापडेल तिथं ते डिंकानं ज्वारीचा दाणा चिकटवायचे. एक घर, एक दाणा. शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी मोबाइलवर शोधायचे, ते मागं उभं राहून श्वास रोखायचे. आडनाव विलायतेतसुद्धा दुर्मिळ निघालं. उत्तरेकडच्या दोन डोंगरखोऱ्यांत बोटावर मोजण्याइतकी घरं, कॅनडात दोन, ऑस्ट्रेलियात एक. त्या खोऱ्यांत दाणे इतके दाटीनं बसले की इंग्लंड दिसेना. आणि इकडं सगळ्यांपासून लांब, बीडवर, एकच दाणा. नकाशावरचा एक दाणा एकदा मुंगीनं उचलून नेला, तर काका खुर्ची घेऊन नकाशासमोर पहारा देत बसले.

त्या तिकडच्या भागात गावांच्या नावातलं शेवटचं ‘बी’ म्हणजे वाडी, हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. “मंजी ह्येबी गावावरनंच पडलेलं आडनाव! आपल्याकडं गावाला ‘कर’ लावत्यात, त्येंनी लावलं न्हाई यवडंच. हॅदर-वाडीकर!” त्या दिवशी त्यांनी गल्लीत सगळ्यांना थांबवून सांगितलं की इंग्रज काही वेगळे नाहीत, त्यांनाही मूळगाव असतं.

महिन्यातून एक रविवार ते मांजरसुंब्याला जाऊन बसत. चारी दिशांच्या गाड्या तिथं थांबतात, म्हणून. ढाब्यावर चहा घ्यायचा आणि ट्रकवाल्यांना आडनावं विचारायची, हा त्यांचा विरंगुळा. एकदा मीही गेले होते. एक तमिळ ड्रायव्हर म्हणाला, आमच्यात आडनाव नसतं, बापाच्या नावाचं अक्षर पुढं लावतो. काकांचा चहा बशीतच राहिला. “आडनावच न्हाई? मग तुमी सुतक कसं वळखता बे?” ड्रायव्हरला हिंदीसुद्धा जेमतेम येत होती. काका मात्र दोन दिवस त्याच्याच काळजीत होते.

मी इंग्रजीत पत्रं लिहायची आणि त्यांनी हेडपोस्टात जाऊन टाकायची, असा आमचा रिवाज पडला. ईमेल नको म्हणायचे. पाकिटावर आडनाव दिसलं पाहिजे. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. एकानं तर, तुम्हाला काय विकायचं आहे, असं विचारलं. पण एका बाईंचं उत्तर आलं, जाड कागदावर, शाईनं लिहिलेलं. त्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, म्हणून आडनाव शाबूत. तो इंजिनियर त्यांच्या आजोबांचा भाऊ. तो आजन्म अविवाहित होता. रक्ताचं नातं तर नव्हतंच, हे काकांना आधीपासून माहीत होतं. तरी ते म्हणाले, “आपली थोरली बहीन सापडली.” काकू फणकाऱ्यानं म्हणाल्या, “या वयात वन्सं मिळाल्या मला. घ्या!”

तिसऱ्या पत्रात बाईंनी लिहिलं की माझा धाकटा भाऊ वारला. मी वाचून दाखवलं. काकांनी डोळे मिटले, उठले, देवघराचा पडदा ओढला आणि बादली घेऊन अंघोळीला गेले.

उद्यावर घट बसायचे होते.

काकूंचा आवाज त्या दिवशी चार घरं पलीकडं गेला असेल. “तुमचा इंग्रज मेला म्हनून माझी देवी बसवायची न्हाई का? कोन त्यो? कधी आपल्या दारात पानी पिला का?”

“त्यानं आपलं आडनाव लावलं होतं.”

“त्येनं? का तुमी त्येचं लावलंय?”

शेवटी गल्लीतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, शिक्क्यावरची तारीख माझ्याकडून वाचून घेतली आणि निकाल दिला. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस धरायचे. दहा उलटून गेल्यावर कळलं तर तीनच. पत्राला तीन आठवडे लागलेले, म्हणजे तीन दिवस. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला सुतक लागतं का, हे विचारल्यावर ते म्हणाले, “शास्त्रात समुद्राचा उल्लेख नाही.” घट शेजारणीकडं बसले, आणि काकूंनी ठणकावलं, “इथून पुढं वन्संला म्हनावं, जे काय आसंल ते पत्रानंच कळवा. फोनबीन करू नका. लवकर कळलं की पुरे धा दिवस जात्यात.”

चौथ्या दिवशी काकांनी मिशीसकट डोकं गुळगुळीत करून घेतलं. न्हाव्यानं विचारलं, कोण गेलं? म्हणाले, “भाऊबंद. विलायतचा.”

हे सगळं इंग्रजीत कसं लिहायचं, या विचारात मी एक रात्र घालवली. शेवटी सरळच लिहिलं, की तुमच्या भावासाठी बीडमध्ये एका माणसानं तीन दिवस डोक्याला तेल लावलं नाही, देवाला हात लावला नाही, आणि आवडती मिशी दिली. उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की त्याच्या अंत्यविधीला आम्ही चौघंच होतो. पाचवा कुणी होता, हे कळून बरं वाटलं.

“चौघं,” काका म्हणाले. “खांद्यापुरते झाले.” आणि धोतराच्या सोग्यानं त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. त्या दिवसापासून काकू ‘वन्सं’ म्हणताना नाक मुरडायच्या बंद झाल्या.

मग आम्ही बाईंना हॅदरबी हे गाव पाहून या म्हणून गळ घातली. त्या काठी टेकत जाऊन आल्या. गाव नव्हतंच. फार पूर्वी उठलेलं. एक माळ, त्यावर मेंढरं आणि कुंपणाला एक जुनी पाटी. हॅदरबीत एकही हॅदरबी नव्हता. मला वाटलं, काका खचतील. ते उलट खुलले. “आपल्याकडं धरनाखाली गेलेल्या गावांचं ह्येच की. गाव पान्यात, आन् आडनाव बाजारात हिंडतंय.”

पण खरी कलाटणी, गावाची ही हकिगत आली त्याच पाकिटात होती. परत आल्यावर बाईंनी घरातला बिस्किटांचा जुना डबा उघडला होता. त्यात इंजिनियरनं बहिणीला लिहिलेली पत्रं होती. त्याला आपल्या हाताखालच्या माणसांची कुळं विचारून लिहून ठेवायची हौस होती. म्हणजे हे वेड या नावातच असावं. एका पत्रात तंबूवाल्या गणपाबद्दल चार ओळी होत्या: हा मूळचा उमापूरचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावानं मारलं म्हणून पळाला. गावात कुणाला सांगू नका, अशी शपथ घालून त्यानं मला आपलं आडनाव सांगितलं. आणि पुढं ते आडनाव.

ते आडनाव इथं लिहीत नाही. मोठं घराणं आहे, गावात निम्मी घरं त्यांची.

आयुष्यभर सगळ्या जिल्ह्याला मूळगाव सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं मूळगाव इंग्लंडहून कळलं. गेवराई तालुक्यातलं. ते म्हणाले, “मॅडम, उमापुरात मी धा डाव मोजनीला गेलतो. त्यांच्या घरचा च्या पिलोय.” दिवसभर मग नुसते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

आम्ही एसटीनं उमापूरला गेलो. स्लॅबचं दुमजली घर, दारात मोठी गाडी, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. घरातले कर्ते आप्पा, माजी सरपंच, लोडाला टेकून बसलेले. काकांनी सगळं सांगितलं, मी पत्राची प्रत दाखवली. आप्पांचा चेहरा हलला नाही, पण आतल्या दारातून त्यांची म्हातारी चुलती बोलली, “सर्वपित्रीला एक पत्रावळ जादाची वाढताव न्हवं आपन? पळून गेलेल्याची? त्याचं नाव कुनालाच म्हाईत न्हाई.”

“गणपा,” काका म्हणाले.

आता हे एकमेकांना मिठी मारणार, असं मला वाटलं. आप्पा म्हणाले, “बरं. मग आता काय मागायला आलात?”

भावकीतला नवा माणूस म्हणजे जमिनीला नवा वाटेकरी. दुसरा विचार त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आणि काकांनी तर कहरच केला. उत्तर द्यायच्या आधी त्यांची नजर सवयीनं खिडकीतून शेताकडं गेली आणि तोंडून निघून गेलं, “त्यो उगवतीकडचा बांध दीड हात सरकलाय वाटतं.”

चहा आला तो न बोलता आला, आणि पिऊन आम्ही न बोलता उठलो.

बसमध्ये मी त्यांना खूप बोलले. बांध कसले बघता, तुम्ही माणसं बघायला आला होता ना? ते मान खाली घालून म्हणाले, “चुकलं. पन खरंच सरकलाय.” दुसऱ्याच दिवशी कोर्टासमोरच्या टायपिस्टकडं जाऊन त्यांनी बाँडपेपरवर लिहून आणलं की मला किंवा माझ्या वारसांना उमापूरच्या जमिनीत, विहिरीत, घरात काडीचाही हक्क नको; मला फक्त सुतक पाहिजे. टायपिस्ट म्हणाला, असलं हमीपत्र तीस वर्षांत टाइप केलं नाही. काका ते घेऊन एकटेच उमापूरला गेले. आप्पांनी ते दोनदा वाचलं, कपाटात ठेवलं आणि म्हणाले, “बघू.”

त्या ‘बघू’वर काकांनी दोन वर्षं काढली. उमापुरात त्या घराण्यातलं कुणी गेल्याचं पेपरात दिसलं की काका इथं सुतक धरायचे. तिकडून मात्र ना पत्रिका, ना निरोप. मी म्हटलं, निदान आडनाव तरी बदलून त्यांचं लावा, म्हणजे दबाव येईल. ते म्हणाले, “न्हाई. नाव ज्यानं पोसलं त्येचं, सुतक ज्याच्या रक्ताचं त्येचं.” नकाशावर बीडच्या दाण्याच्या वर, उमापूरच्या जागी, त्यांनी पेन्सिलीनं एक टिंब काढून ठेवलं होतं. दाणा लावला नव्हता.

एका बुधवारी सकाळी ते चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर बसले आणि तसेच भिंतीला टेकले. डॉक्टर आला तेव्हा चहा अजून कोमट होता. लग्नसराईचे दिवस होते. लेक जालन्याहून निघाली. गल्ली जमली. मी काही करत नव्हते, नुसती जिन्यात बसून रडत होते. काकू माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

“मॅडम, उमापूरला फोन लावा.”

लावला. आप्पांनीच उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं, “बीडचे काका आज सकाळी...”

“थांबा,” आप्पा मधेच ओरडले. पलीकडं मांडवाच्या बांबूंची ठोकाठोक ऐकू येत होती. मग आवाज खाली आला. “मॅडम, काय बी बोलू नका. आयतवारी पोराचं लगीन हाय घरात. तुमी मला काय सांगितलं न्हाई, मी काय ऐकलं न्हाई. सोमवारी सकाळी फोन करा.” आणि फोन ठेवला.

दोन वर्षं ज्यांच्या दाराकडं हा माणूस डोळे लावून बसला, त्यांनी त्याचं मरण पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. काकूंना म्हटलं, “नाही म्हणाले. ऐकायलाच तयार नाहीत.”

“काय म्हनले? शब्दाला शब्द सांगा.”

मी सांगितलं. त्या दिवसात पहिल्यांदा काकूंचे डोळे भरून आले.

“येड्या हाव का तुमी? परक्याचं मरन ऐकायला कुनी भेतंय का? लग्नाच्या घरात सांजपतोर धा मयतीचे फोन येत्यात, अरेरे म्हनत्यात न् कामाला लागत्यात. ज्याला सुतक लागतंय त्योच कान झाकतोय.”

त्या तशाच आत गेल्या, काकांच्या उशाशी बसल्या आणि त्यांच्या कानाजवळ वाकून म्हणाल्या, “ऐकलं का? मानलं बरं का त्येंनी.”

थोड्या वेळानं मला म्हणाल्या, “वन्संलाबी कळवा. पन पत्रानं. म्हाताऱ्या हायत, धा दिवस झेपायचं न्हाईत त्येंला.”

सोमवारी सकाळी मी फोन हातात घेतला. एकच रिंग झाली आणि उचलला. “बोला,” आप्पा म्हणाले. मागं कुणीतरी कुणाला तरी गप्प करत होतं. मग बरीच माणसं एकत्र उभी असावीत तशी शांतता झाली. मी म्हटलं, आप्पा, बीडचे काका वारले.

“अरारा,” आप्पा म्हणाले. “कधी?”

आणि मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.